पोरं कामाला लागतात ती कशामुळे?

बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या बाजूला बेळगुंदी आहे. भात, रताळी आणि काजूचं गाव. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी या गावांसारखंच इथंही मराठी साहित्य संमेलन भरतं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातली ही संमेलनं मुख्यतः गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि अंगमेहनतीवर उभी राहतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग दिवसभर सत्रं आणि मध्ये आलेल्या सगळ्यांची पंगत. पाहुण्यांची नावं दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. दिंडीत लेझीम खेळणारी, मंडपात पाणी फिरवणारी, पंगतीत वाढणारी मात्र आठवी ते पियूसीची (अकरावी-बारावीची) मुलं-मुली असतात. त्यांना याचे गुण मिळत नाहीत, तरी ती दिवसभर थकत नाहीत. आणि हीच पोरं शाळेच्या स्वच्छता मोहिमेत अर्ध्या तासात झाडू टाकून सावलीला जातात. असं का होतं, हे मोठ्यांनी नीट पाहायला हवं.

पंगत जवळून बघा. भाताची बादली एकाकडे, आमटीची दुसऱ्याकडे, पाण्याचा जग एखाद्या मुलीकडे. कुणाची ओळ कोणती, हे आधीच ठरलेलं. भात तळाला गेला की पोरगं आचाऱ्याकडे पळतं, कारण समोर रिकाम्या पत्रावळीवर माणूस बसलेला असतो. टोकाला एखादे काका उभे असतात. ‘तिकडं ताक पोचलं नाही बघ,’ एवढंच म्हणतात, स्वतः बादली हिसकावून घेत नाहीत. काम खरं आहे, ते कुणाचं आहे हे ठरलंय, त्याचं फळ लगेच दिसतंय आणि चुकलं तर सांभाळायला मोठं माणूस जवळ आहे. मोहिमेत यातलं काहीच नसतं. झाडलेल्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कचरा पडतो, कारण कचरा उचलायची सोय पंचायतीशी आधी बोलून कुणी केलेलीच नसते. मुलांना हे कळतं, आणि ती मनातून काम सोडतात.

आपल्याकडे मुलांनी समाजासाठी काम करण्याची परंपरा जुनी आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून मुलांना शाखेत आणि शिबिरात घडवत आलं. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीत शहरी पोरांनी उन्हाळ्यात माती उपसली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. पुढे ती अकरावी-बारावीपर्यंत आली. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, ही तिची चौकट. शिबिराच्या आठवणी मुलं जन्मभर सांगतात. पण माझ्या मते खरी ताकद त्या १२० तासांत आहे, आणि आपण नेमके तेच तास रजिस्टरात भरून मोकळे होतो.

कॅनडात झालेला एक अभ्यास इथं सांगण्यासारखा आहे. तिथल्या एका सरकारी शाळेतल्या दहावीच्या १०६ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर लहान मुलांसोबत काम केलं. दुसऱ्यानं तोवर आपल्या पाळीची वाट पाहिली. काम करणाऱ्या गटाचं कोलेस्टेरॉल आणि शरीरातला दाह दाखवणारा एक घटक दुसऱ्या गटापेक्षा कमी निघाला. ज्यांची दुसऱ्याबद्दलची कळकळ जास्त वाढली, त्यांच्यात फायदाही जास्त दिसला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली पद्धत साधी होती. काम थोडं, पण दर आठवड्याला.

बेळगुंदीसारख्या गावात हे बसवायचं तर आधी शेताचं वेळापत्रक बघावं लागतं. पावसाळ्यात रोप लावणी, दिवाळीनंतर सुगी. तेव्हा घरात एकेक हात लागतो. त्या दिवसांत शिबिर ठेवून ‘मुलं येत नाहीत’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. दहावीची (एसएसएलसी) परीक्षा डोक्यावर असताना तर काम मागूच नये. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आई-वडील विचारतात ते इतकंच: सोबत कोण, परत किती वाजता, तिथं बायकांची सोय आहे का? शाळेतल्या बाईंनी आधी घरी जाऊन याची उत्तरं दिली तर मुली येतात.

जोखमीच्या ठिकाणी मुलांना कुठं थांबवायचं, तेही ठरलेलं हवं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर चढलं आणि वाहतूक बंद पडली. अशा पाण्यात पोरांनी उतरायचं नाही, मग ती कितीही पट्टीची पोहणारी असोत. पण आलेली मदत निवडणं, फाटके कपडे बाजूला काढणं, कोणत्या घरात तान्हं मूल किंवा साखरेचा रुग्ण आहे याची यादी करणं, ही कामं सोळा वर्षांची मुलगी मोठ्यांइतकीच चोख करते.

सीमाभागात तर आपल्या मुलांकडे एक असं काम आहे, जे दुसरं कुणी सहज करू शकत नाही. सरकारी कागद कन्नडमध्ये येतो. मराठी शाळेत शिकलेल्या आजीला तो वाचता येत नाही. नातीनं मात्र शाळेत कन्नड शिकलेलं असतं. कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये जमा झाले का, पेन्शन कशानं अडली, पंचायतीची नोटीस काय म्हणते, हे ती मुलगी वाचून मराठीत सांगू शकते. मात्र तिला आधी शिकवायला हवं: ओटीपी विचारायचा नाही, आधारचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवायचा नाही, एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात बोलायची नाही आणि समजलं नाही तर अंदाजानं न सांगता सरांना विचारायचं.

म्हणून शिक्षकांना, वाचनालयाच्या मंडळींना आणि संमेलनं उभारणाऱ्या गावकऱ्यांना विनंती आहे. सुगी आटोपली की देवळाच्या कट्ट्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ कागद वाचून दाखवण्यासाठी ठेवा. सहा-सात मुलं-मुली आणि दर आठवड्याला न चुकता येणारं एक जाणतं माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. शेवटची पंधरा मिनिटं मुलांना बोलू द्या: आज काय अडलं, कोण रडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. आणि त्यांनी सुचवलेला एक तरी बदल पुढच्या आठवड्यात करून दाखवा.