देवळातली घंटा आणि उकिरड्यातली चिठ्ठी

नसरापूरच्या बनेश्वराला गेलात तर घंटा वाजवून तसेच पुढे जाऊ नका. जरा मान वर करून बघा. घंटेवर क्रूस आहे आणि साल आहे १६८३. चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेत पोर्तुगिजांकडून आलेल्या घंटांपैकी ही एक. पुढे १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी हे देऊळ बांधलं आणि ख्रिस्ती प्रार्थनेची घंटा महादेवापुढे वाजू लागली.

घंटा साल सांगते. पण ती आधी जिथे टांगलेली होती तिथे कोण यायचं, संताकडे काय मागायचं, हे तिला विचारून उपयोग नाही. त्याला कागद लागतो.

असे कागद इजिप्तमध्ये निघाले. कैरोच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचं जुनं शहर होतं. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोघा इंग्रज अभ्यासकांनी तिथले उकिरडे खणायला घेतले. कागद म्हणजे पपायरस, नाईलकाठच्या लव्हाळ्याच्या पट्ट्या आडव्याउभ्या रचून, दाबून केलेला. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून तो टिकला. आपल्या मावळातल्या वेल्ह्याच्या एका पावसाळ्यात त्याचा लगदा झाला असता.

त्यात इसवी सन ५३५-३६ ची एक यादी आहे: कोणत्या दिवशी कोणत्या चर्चमध्ये जमायचं. फिलोक्सेनस, मिनास, सेरेनस अशी संतांची नावं ओळीने येतात. जत्रांचं पंचांगच म्हणा.

मला त्याहून आवडतात त्या दोन चिठ्ठ्या. साधारण त्याच शतकातल्या. कुणीतरी देवाला आणि संत फिलोक्सेनसला विचारलंय, पेढीचं बोलणं करू का? दुसऱ्या चिठ्ठीत तोच प्रश्न उलटा, नको करू का? दोन्ही एकाच कागदातून फाडलेल्या, एकाच हातच्या. देवापुढे ठेवायच्या, जी परत मिळेल तो निकाल. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. मूर्तीला कळ्या लावून कौल मागणारी माणसं अजून आहेत. फरक एवढाच, की आपली कळी दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जाते आणि त्यांची चिठ्ठी आज अभ्यासक वाचतात.

संतचरित्र भक्त लिहितो. त्यात चमत्कार असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाव खरोखर कुणाला भजत होतं हे मी आधी चिठ्ठीत आणि तेलाच्या हिशेबात शोधेन. मावळातले मोडी कागद याच जातीचे: दिवाबत्तीला तेल, नैवेद्याला तांदूळ, पूजेसाठी इनाम जमीन. देवळाला तसंच पिराला. मशिदींची दिवाबत्ती शिवाजी महाराजांनी चालू ठेवली, हे सभासदाने बखरीत नोंदवलंय. पुढे १८५२ च्या कायद्यानुसार इंग्रजांच्या इनाम कमिशनने इनामांचे पुरावे मागितले, तेव्हा माळ्यावरच्या सनदा खाली आल्या. सारा वाढवायला निघालेल्या सरकारने नकळत इतिहासाचं काम केलं.

भोरजवळच्या कारीच्या जेध्यांनी जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये छापली, तेव्हा तिच्यातल्या वेगळ्या नोंदीमुळे शिवजन्माच्या तिथीचा वाद नव्याने पेटला. तुमच्या घरी मोडी कागदांचा एखादा रुमाल बांधून ठेवलेला असेल, तर रद्दीत घालण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवून या. नुसता तेलातुपाचा हिशेब निघाला तरीही.