एका साच्याची होडी मालवणला हवी

येत्या सप्टेंबरात नागोयाला आशियाई स्पर्धा सुरू होतील आणि शिडाच्या होड्या चार दिवस बातम्यांत येतील. २०२३ साली हांगझोऊला नेहा ठाकूरने रौप्य आणि विष्णू सरवाननने कांस्य मिळवलं, तेव्हा दोघांच्याही होडीचा सांगाडा एकाच साच्याचा होता: सव्वाचार मीटर लांब, ५९ किलो वजनाचा. नेहाचं शीड ४.७ चौरस मीटरचं, विष्णूचं सातच्या थोडं वर. डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदललं की तीच होडी वेगळ्या वजनाच्या माणसाला जमते. ब्रूस कर्बीने १९६९ साली फोनवर बोलता बोलता तिचा पहिला आराखडा काढला होता.

अशा होड्यांच्या वर्गात साचा ठरलेला असतो. घासून वजन कमी केलं की होडी बाद. म्हणून पैसेवाल्याला वेग विकत घेता येत नाही; वारा कुठे फिरला हे आधी कुणाला कळलं, एवढ्यावर निकाल लागतो. किनाऱ्यावर वाढलेल्या पोरांसाठी याहून न्याय्य शर्यत मला माहीत नाही.

पण मालवणला नुसती शर्यतीची होडी पुरणार नाही, मुक्कामालाही चालणारी हवी. इथे खरी ओढाताण सुरू होते, कारण शर्यतीला हलकेपणा लागतो आणि मुक्कामाला जागा. अमेरिकेत रॉड जॉनस्टनने सत्तरच्या दशकात आपल्या गॅरेजमध्ये बांधलेल्या होडीवरून जे-२४ आली. २४ फुटांत चार जण झोपतात, मात्र आत ताठ उभं राहता येत नाही. वेगासाठी त्याने डोक्यावरची उंची सोडली. अशा पाच हजारांहून अधिक होड्या जगभर गेल्या.

तीच आणावी का? माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. जे-२४च्या तळाखालचा शिशाचा कील पाण्याखाली चार फूट जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक बघा. शत्रूची जहाजं अडावीत म्हणूनच तर किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडलं गेलं. शिवाय आपल्याकडे होडी वाळूवर ओढून ठेवायची रीत आहे. त्यामुळे वर उचलता येणारा कीलच हवा. कोकणातल्या उलांडीच्या होडीकडेही आराखडा काढणाऱ्याने नीट बघावं. बाजूला समांतर बांधलेल्या एका ओंडक्यावर ती तोल सांभाळते, शिशाचा एक तुकडाही न वापरता. ती युक्ती आपण आधुनिक साच्यात घातली नाही, तर ती मला मोठी चुकलेली संधी वाटेल.

बांधणारे हात लांब शोधायला नकोत. बांद्याच्या पलीकडे, गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौका एकाच डच आराखड्यावरून बनल्या. ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तर ‘तारिणी’ने मे २०२५मध्ये दिलना आणि रूपा या नौदल अधिकाऱ्यांसह दुसरी प्रदक्षिणा पुरी केली.

पर्यटनाच्या पैशातून एक साचा करावा: १८ ते २० फूट, दोघांना झोपण्याची सोय, किंमत मच्छीमार सोसायटीला झेपेल अशी, आणि दहा वर्षं नियमांत बदल नाही. शर्यत अशी: दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यावर पहिल्या दिवशी विजयदुर्गहून देवगड, रात्री खाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी मालवण. पहिल्या दहा होड्यांपैकी निम्म्या मालवणच्याच दांडी आणि देवबागच्या मुलामुलींना द्याव्यात.