सहा मीटरचा सेक्शन कसा कापायचा?

सलमाबादच्या औद्योगिक भागातून गाडीने गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गॅरेज आणि वर्कशॉप दिसतात. समजा, त्यातल्या एका वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनतात. बहरीनला हा धातू काही नवा नाही. इथला ‘अल्बा’ कारखाना 1971 पासून अ‍ॅल्युमिनियम तयार करतोय.

खिडकीच्या चौकटीसाठी लागणाऱ्या लांब पट्टीला कारागीर ‘सेक्शन’ म्हणतात. आपला सेक्शन 600 सेंटिमीटरचा आहे असं धरू. ऑर्डर आली: 235 सेंमीचे 20 तुकडे आणि 175 सेंमीचे 20 तुकडे. किती सेक्शन लागतील?

सोपी पद्धत अशी: एका सेक्शनमधून दोन मोठे तुकडे काढा, म्हणजे 10 सेक्शन. दुसऱ्यातून तीन छोटे, म्हणजे 7 सेक्शन. एकूण 17. पण एक मोठा आणि दोन छोटे असं कापलं तर? 235 + 175 + 175 = 585. करवतीचं पातं थोडं खातं, तरी बसतं. अशा 10 सेक्शनमधून सगळे छोटे आणि 10 मोठे तुकडे मिळतात. उरलेल्या 10 मोठ्यांना 5 सेक्शन. एकूण 15! दोन सेक्शन वाचले.

इथे मापं दोनच होती म्हणून बोटांवर जमलं. कागदाच्या कारखान्यातही मोठे रोल असेच कापतात. गिलमोर आणि गोमोरी या आयबीएमच्या गणितज्ञांनी 1961 मध्ये या प्रश्नावर लेख लिहिला. 200 इंची रोल आणि 20 ते 80 इंचांमधली 40 वेगवेगळी मापं घेतली, तर कापण्याच्या मांडण्या 1 कोटीच्या वर सहज जातात. प्रत्येक मांडणीत 40 आकडे, म्हणजे 40 कोटी आकडे साठवायचे! त्या काळच्या आयबीएम 7090 या बलाढ्य संगणकाच्या मेमरीत मावायचे फक्त 32,768.

मग त्यांनी काय केलं? प्रश्नाचे दोन भाग पाडले: एक मोठा हिशेब आणि एक छोटा. मोठ्या हिशेबाच्या वहीत मोजक्याच मांडण्या ठेवायच्या. आपल्या उदाहरणात सुरुवातीला दोनच घेऊ: ‘दोन मोठे’ आणि ‘तीन छोटे’. आता तुकड्यांचे भाव ठरवू. एका सेक्शनमधून दोन मोठे निघतात, म्हणून मोठ्याचा भाव 1/2 सेक्शन. छोटे तीन निघतात, म्हणून छोट्याचा 1/3.

हे भाव घेऊन छोटा हिशेब विचारतो: एका सेक्शनमध्ये जास्तीत जास्त किमतीचे तुकडे कसे बसतील? सुट्टीत भारतात जाताना आई 30 किलोची बॅग भरते, अगदी तोच प्रश्न. ‘एक मोठा, दोन छोटे’ यांची किंमत होते 1/2 + 1/3 + 1/3 = 7/6. एक सेक्शन खर्चून एकापेक्षा जास्त मिळतंय! लगेच ही मांडणी वहीत घ्यायची आणि भाव नव्याने काढायचे. मोठ्याचा 1/2 तसाच राहतो, उरलेला अर्धा दोन छोट्यांत वाटला जातो, म्हणून छोट्याचा 1/4. या भावात ‘तीन छोटे’ 3/4 वरच थांबतात. ती मांडणी वहीतून गेली. आता कुठलीच मांडणी 1 च्या वर जात नाही. म्हणजे थांबायचं.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते: उरलेल्या मांडण्या वहीत लिहिल्याच नाहीत, तरी त्यांनी खर्च कमी होणार नाही हे नक्की कळलं. 40 मापं असली तरी एका वेळी हाताशी साधारण 40 मांडण्या पुरतात. 40 गुणिले 40, म्हणजे अवघे 1,600 आकडे.

याच्या आदल्याच वर्षी, 1960 मध्ये, डँटझिग आणि वुल्फ यांनी हीच युक्ती अनेक कारखान्यांच्या एकत्र नियोजनासाठी मांडली होती. प्रत्येक कारखान्याचे नियम वेगळे, पण कच्चा माल सामाईक. मधला हिशेब कच्च्या मालाचा भाव सांगतो, आणि एकेक कारखाना त्या भावाला आपला बेत कळवतो. सगळे नियम एकदम मेमरीत भरावे लागत नाहीत.

अर्थात हे फुकट नाही. मेमरी वाचते, पण भाव सांगा, उत्तर घ्या, पुन्हा भाव काढा, अशा फेऱ्या वाढतात आणि वेळ जातो. शिवाय उत्तर कधी कधी ‘साडेतीन सेक्शन’ असं येतं. अर्धा सेक्शन कोण विकणार? मग पूर्ण आकड्यांत बसवायला आणखी खटपट करावी लागते.

आता वही घ्या. सेक्शन तोच, 600 सेंमीचा. तुकडे 290 आणि 140 सेंमीचे. वहीत दोन मांडण्या आहेत: ‘दोन मोठे’ आणि ‘चार छोटे’. आधी दोन्ही तुकड्यांचे भाव काढा. मग सांगा, ‘एक मोठा, दोन छोटे’ ही मांडणी घेऊन काही फायदा होईल का?