मुंबईचे बंदर आणि घारापुरीचा स्तूप

आम्हा महालवाल्यांना मोठे पाणी म्हणजे शुक्रवारी तलाव. त्यामुळे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून दुसऱ्या दिवशी घारापुरी बेट पाहायचे ठरले, तेव्हा आमची आजी अडून बसली. "मी नाही बसत बोटीत!" शेवटी नातीचा हात घट्ट धरून ती गेटवेच्या पायऱ्या उतरली.

बोटीला तासभर लागतो. एवढ्या समुद्रात पाणी शांत कसे, याचे आजीला नवल वाटले. पश्चिमेला मुंबईची जमीन आडवी असल्याने अरबी समुद्राच्या लाटा अडतात आणि पूर्वेला रायगडचा किनारा आहे. मधले पाणी जहाजांना पुरेल इतके खोल. असे हे निसर्गानेच घडवलेले बंदर. १९१३ साली बाबासाहेब शिकायला अमेरिकेला निघाले, ते मुंबईहून जहाजानेच. हे ऐकले आणि आजीने कठडा सोडला. मग उतरेपर्यंत ती पाण्याकडेच पाहत होती.

बेटावर सारे प्रवासी पश्चिमेच्या टेकडीवरील शिवलेणी पाहतात. तेथील सुमारे ६ मीटर उंचीचे त्रिमुखी शिल्प जगप्रसिद्ध आहे. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. मात्र पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध लेणी आणि विटांचा प्राचीन स्तूप आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हा स्तूप शिवलेण्यांच्याही आधीचा मानतात. या बंदरात व्यापाऱ्यांची गलबते येत, तेव्हा धम्मही येथे पोहोचला होता, याची ही खूण.

आम्ही गावात वाट विचारून वर गेलो. आजी खालीच सावलीत बसली. परतल्यावर तिने विचारले, "काय दिसलं?" आम्ही म्हटले, "मातीचा उंचवटा अन् जुन्या विटा." ती म्हणाली, "विटा आहेत ना? मग पुढच्या साली मलाही वर न्या."

या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ साली. लेणी सोमवारी बंद असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या बोटीला भीषण अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. म्हणून बोटीत बसताच लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांना आधी घाला. आणि शिवलेणी पाहून लगेच परतू नका. समोरच्या टेकडीचीही वाट विचारा.