न्यायाधीशाशेजारच्या दोन खुर्च्या

सुरतेतल्या भेस्तानच्या कामगार वस्तीत पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं मोबाईलचोरीत सापडलं, की आई-बाप अजूनही 'रिमांड होम'च्या धास्तीनं खचतात. पोराचा निवाडा करणाऱ्या बाल न्याय मंडळात न्यायाधीशाबरोबर दोन समाजसेवक बसतात, त्यांत एक तरी बाई असावीच लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या दोघांचं एकमत झालं, तर न्यायाधीशाचं मत मागे पडतं. वकिलीची सनद नसलेल्या नागरिकाला एवढा अधिकार आपल्या फौजदारी न्यायात सहसा मिळत नाही.

पूर्वी ऑनररी मॅजिस्ट्रेट असत. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली ते बिनपगारी खटले चालवत. नेमणूक सरकारच्या मर्जीची, त्यामुळे खुर्ची बहुधा शेठ-सावकार, जमीनदार, रावबहादुरांकडे जाई. 1 एप्रिल 1974 ला नवी संहिता आली आणि ती प्रथा संपली. विशेष दंडाधिकारी राहिले, पण आजी-माजी सरकारी नोकरांतून. माझ्या मते ते योग्यच झालं. मानमरातब म्हणून वाटलेल्या खुर्चीवरून गरिबाला न्याय मिळणं अवघड होतं.

मुलांच्या बाबतीत मात्र वाट वेगळी पडली. मुंबई इलाख्यात 1924 साली बाल कायदा झाला, पुढे 1948 चा आला. 1 मे 1960 पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच राज्यात होते. आज भेस्तान-उधन्यात राहणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या कुटुंबांच्या आजोबांना दोन्हीकडे मुंबईचाच कायदा होता. तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1986 मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यात दोन मानद समाजसेवक होते, पण मदतीपुरते. 2000 च्या कायद्यानं त्यांना मंडळाचं सदस्यत्व आणि मत दिलं, 2015 च्या कायद्यानं ते राखलं.

मग 19 मे 2024 ला पुण्यात, कल्याणीनगरात, भरधाव पोर्शेनं दोन तरुणांचा जीव घेतला. त्याच दिवशी मंडळाच्या एका बिनन्यायिक सदस्यानं अल्पवयीन चालकाला जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. महाराष्ट्रभर संताप उसळला. पुढे सरकारनं दोन सदस्यांना काढलं. या खुर्च्याच नकोत, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. एकट्या सदस्यानं कुठवर जावं आणि निवड कशी व्हावी, हे प्रश्न खरे आहेत. पण बारा-बारा तासांच्या पाळीत आई-बाप लूमवर असताना पोर दिवसभर कुणाच्या संगतीत असतं, हे न्यायाधीशाला केसच्या कागदांतून किती कळणार?

सदस्य होण्याची कायद्यातली एक वाट मुलांचं आरोग्य, शिक्षण वा कल्याण यांत सात वर्षं काम केल्याची आहे. पांडेसरा, लिंबायत, भेस्तानमध्ये शाळा सुटलेल्या पोरांना शिकवणाऱ्या, अहिराणीत त्यांच्या आयांशी बोलणाऱ्या ताई आहेत. पुढची जाहिरात निघेल तेव्हा त्यांनी अर्ज करायला हवा आणि निवड समितीनं तो नीट वाचायला हवा.