परसातलं फिरतं खतपिंप
पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांचा जाळीदार विटांचा खताचा हौद शेतासाठी उत्तम. पण १० बाय ६ फुटांची जागा बीड-अंबाजोगाईच्या अंगणात कुठून आणायची? तिथं २०० लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप पुरतं. कीटकनाशकाचं पिंप मात्र फुकट मिळालं तरी नको.

पिंप आडवं धरून दोन्ही तोंडांच्या मधोमध भोक पाडा, दीड इंची लोखंडी पाइप आरपार घाला आणि अँगलच्या घोडीवर टेकवा. कुशीला बिजागरीचं झाकण, सगळीकडे बोटभर अंतरावर बारीक भोकं. हवा खेळली नाही तर माल आंबतो, वास सुटतो.

दोन-तीन वाटे कोरडा पाला, एक वाटा ओलं: भाजीचे देठ, बालाघाटी सीताफळाच्या साली, शेण. उसाचं पाचट बारीक चिरूनच. पिंप दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलं की आतला माल उलटत नाही. दर दोन-तीन दिवसांनी चार-पाच फेरे द्या. मूठभर माल दाबल्यावर थेंबभरच पाणी सुटावं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पिंप सावलीलाच हवं, नाहीतर सगळं सुकून काम थांबतं.

दोन-अडीच महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचं खत तयार होतं. ते पंधरा दिवस मुरू द्या, मगच कुंडीत घाला.