काळीवर घर बांधताना

मराठवाड्यात, विदर्भात किंवा सोलापूरकडे एखाद्या नव्या प्लॉटिंगमधून चक्कर मारा. दोन-तीन वर्षांपूर्वी वास्तुशांत झालेल्या बंगल्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा वर चढलेला दिसतो. मग मालक सिमेंटला दोष देतो, गवंड्याला देतो, क्वचित दरवाजाच्या दिशेलाही देतो. खरी गडबड जोत्याखाली असते.

जुनी वाटणी साधी होती : पेरायला काळी, राहायला पांढरी. शहरं पसरली, शेतांचे एनए प्लॉट झाले आणि घरं थेट काळीवर आली. कापूस-ज्वारीला जे मानवतं, तेच पायाला छळतं. ही माती पाणी धरून ठेवते.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला. त्याच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. त्याचे अतिसूक्ष्म थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक, पण सैल बसलेले. पाण्याचे रेणू त्या थरांमध्ये शिरतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडतं, माती आक्रसते, रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

सगळी जमीन सारखीच वरखाली झाली असती तर घराला फारसं कळलंही नसतं. पण घराच्या मध्यभागी, फरशीखाली, ओल जवळजवळ कायम राहते. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात बसते. बाहेरच्या भिंती हलतात, मधल्या हलत नाहीत. वीटकामाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ते खिडकी-दाराच्या कोपऱ्यात फाटतं. गंमत म्हणजे हलक्या बांधकामाला त्रास जास्त. पाच मजली इमारतीचं वजन मातीला बरंच दाबून धरतं. एकमजली घर, कंपाउंडची भिंत, पोर्चची फरशी यांना ती सहज उचलते.

माती किती फुगेल हे ओळखण्याची चाचणी स्वस्त आहे आणि मोठी हुशारीची आहे. चाळलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम घेऊन दोन मोजपात्रांत टाकायची. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल मातीला फुगवत नाही, त्यामुळे तुलनेला ते हवं. एक दिवसानंतर समजा रॉकेलमधली माती 10 मिलिलिटरवर आणि पाण्यातली 22 वर आली, तर फुगवटा 120 टक्के. अशा जमिनीवर नेहमीचा उथळ पाया घालणं म्हणजे तड्यांना आमंत्रण.

काळीचा थर मीटर-दीड मीटरचा असेल तर तो ओलांडून पक्क्या मुरमावर पाया न्यावा, विषय संपला. थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडररीम्ड पाइल कामी येतात. ऋतूनुसार ओल बदलते ती आपल्याकडे सहसा साडेतीन मीटरपर्यंत. त्याखाली माती बरीचशी स्थिर. पाइल तिथवर नेऊन तळाशी त्याला खांबाच्या सुमारे अडीचपट रुंदीचा फुगा देतात. वरची माती कितीही उचलू पाहो, फुगा खाली धरून ठेवतो. वरच्या तुळईखाली पोकळी सोडतात, नाहीतर मातीच तिला ढकलते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली : काळीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर जाड, नीट दाबलेला थर द्यायचा. चार ट्रॉल्या वाळू ओतून मोकळं होणं हा यातला उपाय नव्हे; वाळूतून पाणी उलट खाली उतरतं.

घर झाल्यावरही पाण्यावर लक्ष हवं. जोत्याभोवती उताराची फरसबंदी हवी, गच्चीचे पाइप भिंतीलगत सोडू नयेत, सेप्टिक टँक आणि मोठी झाडं पायापासून लांब ठेवावीत.

आपल्याकडे क्रम उलटा लागतो. एलिव्हेशनचं रंगीत चित्र आधी ठरतं, खर्चाला कात्री लागते ती माती तपासणीवर. प्लॉट काळीवर असेल तर मातीचा अहवाल हातात आल्याशिवाय पायाच्या ड्रॉइंगला होकार देऊ नका, आणि तो अहवाल स्ट्रक्चरल इंजिनिअरने वाचला आहे ना, हेही विचारून घ्या.